येरवड्याची पाहणी कोण करतं, आणि शिपाई कोण मोजतं?

येरवडा मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आत आहे आणि आत सहा-सात हजार माणसं असतात, हे बातम्या वाचून पुणेकरांना पाठ झालं आहे. त्यामुळे गर्दीचे आकडे इथे पुन्हा मांडत बसत नाही. कमी बोललं जातं ते दोन गोष्टींबद्दल. या माणसांची अवस्था कारागृह खात्याबाहेरचं कोण, कुठल्या अधिकाराने बघतं? आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेले कर्मचारी खरोखर किती हजर असतात, हे कोण तपासतं? पहिल्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. दुसऱ्याला जवळपास नाहीच, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

तुरुंग उभा राहिला १८७१ मध्ये, तेव्हाच्या पुण्याच्या हद्दीबाहेर. त्याच्या कारभाराला पाया मिळाला १८९४ च्या तुरुंग कायद्याने. त्या कायद्यात बाहेरच्या पाहणीला स्वतंत्र प्रकरण नाही. सरकारने कशाकशाचे नियम करावेत याची जी लांबलचक यादी कलम ५९ मध्ये आहे, तिच्यात ‘अभ्यागतांची नेमणूक आणि त्यांना मार्गदर्शन’ एवढा उल्लेख येतो. पुढची सगळी इमारत त्या एका ओळीवर आहे. नियमांनी दोन प्रकारचे अभ्यागत केले. न्यायाधीश, जिल्हाधिकारी वगैरे पदामुळे आपोआप येणारे शासकीय. आणि सरकारने गावातल्या प्रतिष्ठितांमधून नेमलेले अशासकीय. अभ्यागताने फेरी मारायची, जेवण बघायचं, तक्रारी ऐकायच्या, वहीत शेरा लिहायचा. तो शेरा अधीक्षकांनी आपल्या टिप्पणीसह वरिष्ठांकडे पाठवायचा. म्हणजे ज्यांच्या कामाबद्दल शेरा आहे, त्यांच्याच हातून तो पुढे जातो. ही वाट आजही बदललेली नाही.

मनुष्यबळाची गोष्ट त्याच काळात वेगळ्या मार्गाने गेली. पगारी शिपाई कमी पडतात, हे ब्रिटिशांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. त्यावर त्यांनी स्वस्त उपाय काढला: शिक्षा भोगणाऱ्या जुन्या कैद्यांनाच पहारेकरी, मुकादम, वॉर्डर करायचं. बदल्यात माफीचे दिवस आणि थोड्या सवलती. गांधीजी १९२२ ते १९२४ या काळात येरवड्यात होते. तिथल्या अनुभवांबद्दल लिहिताना त्यांनी या कैदी-वॉर्डरांवर बरंच लिहिलं आहे. १९१९-२० च्या तुरुंग समितीने या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि साठ वर्षांनी नेमलेल्या दुसऱ्या समितीलाही तोच मुद्दा पुन्हा मांडावा लागला. कैद्यावर कैद्याची सत्ता चालली की काय होतं, हे सांगायला नको. पण त्याचा आणखी एक परिणाम झाला. शिपायाची जागा रिकामी राहिली तरी बराक उघडत होती, गिनती होत होती, भटारखाना चालू राहत होता. तुटवडा वरवर दिसतच नव्हता, मग वहीत त्याचा शेरा तरी कोण लिहिणार?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या अडीच दशकांत या आघाडीवर फार काही घडलं नाही. आतली हकीकत बाहेर आली ती बहुतेक वेळा राजबंद्यांमुळे. आणीबाणीत राजकीय कार्यकर्ते, शिक्षक, प्राध्यापक अशी बरीच मंडळी येरवड्यात होती. ती सुटून आली तेव्हा शहरातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत तुरुंग हा पहिल्यांदा ओळखीच्या माणसाकडून ऐकलेला विषय झाला.

१९७९ मध्ये तिहारमधल्या एका कैद्याने, दुसऱ्या कैद्याला एका हेड वॉर्डरने (हा पगारी कर्मचारी) केलेल्या छळाबद्दल, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकालात तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं, जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी भेटी द्याव्यात असं बजावलं. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय वगैरेंनी नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी गोपनीय बोलू द्यावं, असंही म्हटलं. कैद्याला एकट्याने, कुणी कान न देता बोलता आलं पाहिजे, हे त्यातलं सर्वांत मोलाचं. कारण शिपाई शेजारी उभा असताना ‘जेवण कसं आहे’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं.

यापुढे जे घडलं त्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण ते थेट येरवड्याशी जोडलेलं आहे आणि त्याची सावली आजच्या प्रत्येक पाहणीवर पडते.

मे १९८२ मध्ये एका महिला पत्रकाराने महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या स्त्री कैद्यांना भेटण्याची परवानगी मागितली. कारागृह महानिरीक्षकांनी ती दिली. परवानगीत मुंबईच्या तुरुंगाबरोबर येरवडाही होतं. मुंबईत मुलाखती सुरू झाल्या. तिने त्या ध्वनिमुद्रित करायला घेतल्या तेव्हा अधिकाऱ्यांनी हरकत घेतली: टिपणं काढा, टेप नको. चर्चा झाली, आणि थोड्याच दिवसांत परवानगीच मागे घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मधल्या काळात, १९८३ मध्ये, तिच्याच पत्रावरून मुंबईतल्या पोलीस कोठड्यांबद्दल वेगळा निकाल लागला. त्यात शहराच्या सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो महिला न्यायाधीशाने, कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात असा आदेश होता. तो निकाल आजही अभिमानाने सांगितला जातो. मुलाखतींच्या परवानगीचा निकाल मात्र १९८७ मध्ये आला आणि तो बराच दुधारी निघाला.

एका बाजूला न्यायालयाने म्हटलं की घटनेच्या २१ व्या कलमातल्या ‘जीवन’ या शब्दात तुरुंगातली राहणीमानाची स्थितीही येते. ती जाणून घेणं हा नागरिकांच्या हिताचा विषय आहे, आणि त्यासाठी पत्रकारांना आत जाऊ देणं योग्य आहे. दुसऱ्या बाजूला अटी आल्या. मुलाखत कैद्याच्या राजीखुशीने हवी, हे रास्तच. पण मिळालेली माहिती सर्वसाधारणपणे अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावी आणि ध्वनिमुद्रणासाठी विशेष परवानगी लागावी, याही अटी होत्या. चुकीचं चित्र बाहेर जाऊ नये, हा त्यामागचा विचार. कायद्याचे जाणकार म्हणतील की ही वाजवी बंधनं आहेत, आणि न्यायालयाने दार बंद केलं नाही, उघडंच ठेवलं. खरं आहे. तरीही मला वाटतं, पाहणीचा कणा इथे वाकला. ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तिनेच तक्रारीची खातरजमा करायची, ही १८९४ च्या वहीतली रीत न्यायालयीन निकालात पुन्हा जागी झाली. टेपवरचा आवाज नंतर नाकारता येत नाही. टिपणं नाकारता येतात. म्हणून टेपचा वाद किरकोळ नव्हता.

त्या अटींचा पुढचा अवतार जुलै २०१५ मध्ये दिसला. १० जुलैला केंद्रीय गृहखात्याने सगळ्या राज्यांना सूचना पाठवल्या: पत्रकार, संस्था, माहितीपट करणारे यांना आत सोडण्याआधी एक लाख रुपयांची अनामत घ्या, चित्रण अधीक्षकांच्या नजरेखालून घाला. आधी दिल्लीतल्या एका दोषी कैद्याची मुलाखत परदेशी वाहिनीने घेतल्यावरून गदारोळ झाला होता, त्याचा हा पडसाद. मग दोनच आठवड्यांनी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या अत्याचारांबद्दलच्या जुन्या प्रकरणात राज्यांना सांगितलं की तुरुंगांत सीसीटीव्ही बसवा आणि अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करा. एकाच महिन्यात एका आदेशाने बाहेरच्या माणसाला उंबऱ्यावर अडवलं आणि दुसऱ्याने त्याला आत बोलावलं. फरक इतकाच की बोलावलेला माणूस सरकारने निवडलेला असणार होता.

२०१३ मध्ये एका माजी सरन्यायाधीशांनी देशातल्या १,३८२ तुरुंगांच्या अवस्थेबद्दल पत्र लिहिलं होतं. त्यावरून सुरू झालेल्या याचिकेत सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की केंद्राने राज्यांसाठी आखलेल्या आदर्श कारागृह नियमसंग्रहाच्या २९ व्या प्रकरणाप्रमाणे राज्यांनी ३० नोव्हेंबर २०१७ पर्यंत अभ्यागत मंडळं स्थापन करावीत. त्या प्रकरणातल्या मंडळात जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. शासकीय सदस्यांच्या जोडीला आमदार आणि सामाजिक कार्यकर्ते, त्यांत स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. रचना चांगली आहे. मात्र मंडळाच्या कामांत सुधारकार्याचा दर्जा, प्रशिक्षण, सोयीसुविधा, कैद्यांच्या तक्रारी हे आहे. पदं किती भरली आणि रात्री बराकींवर किती शिपाई होते हे तपासायचं काम वेगळं नोंदलेलं नाही.

आता हिशेबाकडे येऊ. २०१६ च्या त्याच नियमसंग्रहात सहा कैद्यांमागे एक पहारेकरी, तीनशेमागे एक डॉक्टर, पाचशेमागे एक समुपदेशक असं प्रमाण धरलं आहे. प्रश्न असा, की हे सहा कैदी कुठले मोजायचे? अधिकृत क्षमतेतले की प्रत्यक्ष आत झोपणारे? येरवड्यात अडीच हजारांची क्षमता धरली तर चारशेच्या थोडं वर पहारेकरी लागतात. साडेसहा हजार कैदी धरले तर हजाराहून जास्त, आणि बावीस-एक डॉक्टर. खात्यात पदं मंजूर होतात ती साधारणपणे क्षमतेकडे बघून, आणि रिक्त पदांची टक्केवारी काढतात ती मंजूर पदांवर. म्हणून ‘इतके टक्के पदं भरली’ हे वाक्य खरं असूनही बराकीतली परिस्थिती सांगत नाही. त्यातून पाळ्या, रजा, न्यायालयात हजर करण्यासाठी आणि ससून रुग्णालयात नेण्यासाठी अडकणारी माणसं वजा करावी लागतात. माझा रोख शिपायांवर नाही. अपुऱ्या संख्येत बारा-बारा तास उभा राहणारा शिपाई हाही या व्यवस्थेत भरडला जातो, आणि त्याचं म्हणणं ऐकायला कुठलाही अभ्यागत येत नाही.

याची किंमत काय असते? जून २०१२ मध्ये येरवड्याच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे सर्वांत कडेकोट समजल्या जाणाऱ्या भागात, एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात अंडी-पावाच्या हिशेबावरून झालेल्या वादानंतर एका स्त्री कैद्याचा मारहाणीने मृत्यू झाल्याचा आरोप झाला, सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि कैद्यांनी उठाव केला. पहिल्या घटनेत पहारा कुठे होता असा प्रश्न होता, दुसरीत पहाऱ्यावर असलेल्यांवर कुणाचा वचक होता असा. दोन्ही वेळा बाहेरचे लोक धावत आले ते माणूस गेल्यावर.

मानवी हक्क आयोगाचा मार्ग आहेच. १९९३ च्या कायद्यात आयोगाने राज्य सरकारला कळवून तुरुंगाला भेट द्यायची होती. २००६ च्या दुरुस्तीने ती अट गेली. बदल मोठा होता, पण राज्यभरच्या तुरुंगांपर्यंत एका आयोगाची पावलं कितीदा पोचणार? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. त्यामुळे बाहेरून येणारी स्वतंत्र पाहणीही नाही.

मधल्या काळात येरवड्याचं दार एका वेगळ्या कारणाने उघडलं. २६ जानेवारी २०२१ पासून जेल पर्यटन सुरू झालं. पन्नास रुपयांत नागरिकाला ऐतिहासिक भाग पाहता येतो. इतिहास दाखवण्यात गैर काही नाही, मुलांनी तो जरूर पाहावा. पण ज्या बराकींत आज कैदी आहेत तिथे ही फेरी जात नाही, आणि तिची गणती पारदर्शकतेत करू नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्धच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित पाहणी करावी असं सांगितलं. कामं कोणाला कुठली दिली जातात, हे आता त्यांना पाहावं लागेल. ते पाहायचं तर कैद्यांकडून कर्मचाऱ्यांची कामं करून घेतली जातात का, हेही पाहावंच लागेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात १८९४ च्या कायद्याची जागा घेणारं राज्याचं स्वतःचं विधेयक आलं. या विषयावर पुण्यात बोलणाऱ्यांनी आता त्याखाली होणाऱ्या नियमांच्या मसुद्याकडे लक्ष द्यायला हवं. खात्याचं मुख्यालय इथेच आहे, तुरुंगाधिकाऱ्यांना तयार करणारं महाविद्यालयही येरवड्यातच आहे. मागणी अवघड नाही: अभ्यागताला भेटीच्या दिवशीचा आणि आदल्या रात्रीचा ड्यूटी चार्ट हजेरीसह बघता यावा, प्रत्यक्ष कैदीसंख्येशी ताडता यावा, आणि त्याच्या शेऱ्याची प्रत अधीक्षकांच्या टेबलावरून न जाता थेट जिल्हा न्यायाधीशांकडे पोचावी.