काँग्रेस गवताची खाज: आग लावण्यात आपल्या स्किनचाही हात असतो

पावसाळा सरत आला की पुण्यात टेकड्यांवर, नदीपात्रात, रिकाम्या प्लॉटवर सगळीकडे काँग्रेस गवत कमरेएवढं माजतं आणि त्याच सुमारास स्किनच्या डॉक्टरांकडे एका ठरावीक तक्रारीचे पेशंट वाढतात. पापण्या सुजलेल्या, कानामागे खाज, मानेच्या घड्या लालभडक, कोपराच्या आतल्या बाजूला चट्टे. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे ते पसरतंय हे पहिल्यांदा ठळकपणे नोंदवलं गेलं ते १९५६ च्या सुमारास, तेही पुण्यातच. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून आलं असं आपल्याकडे सगळेच सांगतात.

गवताला हात लावला, विष लागलं, कातडी जळली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण मग त्याच शेतात आयुष्य काढलेल्या बाकीच्यांना काहीच कसं होत नाही? कारण ही विषबाधा नाही, अ‍ॅलर्जी आहे. गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं, त्याचा रेणू इतका छोटा की इम्यून सिस्टिम त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, पण तो कातडीतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतो आणि मग ते आपलंच प्रोटीन परकं दिसायला लागतं.

इथे एंट्री होते केराटिनोसाइट्सची. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात साधारण ९० टक्के पेशी याच. वर्षानुवर्षं डॉक्टरसुद्धा यांना नुसती भिंत समजायचे, पण या पेशी पोटात इंटरल्यूकिन-१ नावाचा सिग्नल तयार ठेवूनच बसलेल्या असतात, पेशीला इजा झाली की तो बाहेर सांडतो आणि आजूबाजूला बोंब होते. ही बोंब झाली नाही तर नुसत्या परक्या दिसणाऱ्या प्रोटीनवरून अ‍ॅलर्जी सहसा उभी राहत नाही, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीतला हाच भाग लोकांना सांगायचा राहून जातो.

बोंब ऐकून हलतात त्या लँगरहान्स पेशी. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या मेडिकलच्या स्टुडंटने बर्लिनमध्ये कातडीला सोन्याच्या क्षाराने रंग दिला तेव्हा त्याला या फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या, त्याला वाटलं या नसांच्या पेशी आहेत, आणि इम्यूनिटीशी यांचा संबंध आहे हे कळायला पुढे शंभर वर्षं गेली. या पेशी त्या बदललेल्या प्रोटीनचा नमुना घेऊन मानेतल्या, काखेतल्या लसिका गाठींपर्यंत सरकत जातात आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे इम्यून सिस्टिमच्या लढाऊ पांढऱ्या पेशींना, दाखवतात. दहा दिवस ते दोन आठवडे आतल्या आत तयारी चालते, बाहेर काहीही दिसत नाही.

पुढच्या वेळी गवताची धूळ उडाली (हो, हात लावायलाच पाहिजे असं नाही, वाळलेल्या गवताचा भुगा हवेतून येतो, म्हणून तर पापण्या सुजतात) की एक-दोन दिवसांत तयार टी पेशी कातडीत येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा सिग्नल सोडतात. त्यावर केराटिनोसाइट्स काय करतात, तर अंगावर चिकट रेणू उगवतात म्हणजे टी पेशी तिथेच अडकतात, आणि वर आणखी टी पेशींना बोलावणारे सिग्नल सोडतात. लक्ष्मी रोडवर दोन गाड्या घासल्या की दहा जण गाडी थांबवून बघतात, त्याने ट्रॅफिक तुंबतं, तुंबल्यामुळे अजून गाड्या घासतात, अगदी तसंच. या गोंधळात काही केराटिनोसाइट्स मरतात, उरलेल्यांचे एकमेकींना धरलेले सांधे सैल होतात, मधल्या फटींत पाणी भरतं, आणि आपल्याला बाहेरून दिसतात ते पाणी सुटणारे बारीक फोड.

खाजेचंही तेच. टीएसएलपी नावाचा केराटिनोसाइट्सचा एक सिग्नल थेट नसांना जाऊन खाज उठवतो हे २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. आपण खाजवतो, अजून पेशी फुटतात, अजून इंटरल्यूकिन सांडतं.

या अ‍ॅलर्जीत हिस्टामिनचा (शिंका-पित्ताच्या अ‍ॅलर्जीतल्या रसायनाचा) रोल फारसा नाही, तरी लोक हिस्टामिन अडवणाऱ्या सेटिरिझिनच्या गोळ्या चघळल्यासारख्या खातात आणि वर गोळी लागू पडत नाही म्हणून कुरकुरतात. रक्ताची आयजीई (नेहमीच्या अ‍ॅलर्जीतली अँटिबॉडी मोजणारी) टेस्ट पण इथे कामाची नाही. पॅच टेस्ट लागते, म्हणजे पाठीवर टेपने छोट्या वाट्या चिकटवतात, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, पेनने खुणा करतात आणि ४८ तासांनी काढून बघतात, मग परत एक-दोन दिवसांनी बघतात, तोवर पाठ भिजवायची नाही. पेशंट वैतागतात पण टी पेशींना यायला वेळ लागतो त्याला इलाज नाही. स्टिरॉइड क्रीम टी पेशी आणि केराटिनोसाइट्स दोघांनाही गप्प करतं म्हणून काम करतं, पण मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड मिसळलेली थ्री-इन-वन ट्यूब आणून महिनोन्‌महिने तोंडाला फासणं म्हणजे कातडी पातळ करून घेणं.

चट्टे गेले तरी काही टी पेशी तिथेच मुक्काम ठोकतात, म्हणून पुढच्या वर्षी बऱ्याचदा त्याच जागी लवकर भडकतं. सोसायटीने गवत काढायचं ठरवलं तर फुलं यायच्या आधी काढा, ग्लोव्हज आणि फुल बाह्या घालून मुळासकट उपटा, आणि ज्यांना एकदा हे झालंय त्यांनी त्या दिवशी खाली न येता वर राहून सगळ्यांच्या चहाचं बघावं.