कडब्याच्या काडीत अडकलेली वैरण

गेल्या उन्हाळ्यात सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात एका पशुपालकाने मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. ट्रेमध्ये मक्याची हिरवीगार चटई आणि खाली ठळक अक्षरांत: ‘१ किलो मका, ८ दिवसांत ८ किलो चारा, मातीची गरज नाही!’ त्यांच्या दावणीला दोन पंढरपुरी म्हशी आणि एक खिलार गाय. “घ्यावं का हो हे यंत्र?” त्यांनी विचारले.

तिथेच हिशेब मांडला. १ किलो मक्यात पाणी वगळून साधारण ९०० ग्रॅम कोरडा भाग असतो. ८ किलो हिरव्या चटईत कोरडा भाग १०-११ टक्के, म्हणजे ८०० ते ८८० ग्रॅम. वजन वाढले ते पाण्याचे. अन्न उलट घटले, कारण अंकुरणारे बी स्वतःच्या पोटातला स्टार्च जाळून वाढते आणि कोवळ्या पानांना ती तूट भरून काढायला आठ दिवस पुरत नाहीत. असा चारा जनावराला आवडतो, थोडा दिला तर चांगलाच. पण दुष्काळात वैरण वाढवण्याचा उपाय म्हणून तो विकणे ही फसवणूक आहे.

वैरण खरे तर आपल्या गंजीतच आहे. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षे टिकली ती भाकरीइतकीच कडब्यामुळे. मंगळवेढ्याकडे वाईट साली शेतकरी दाण्याआधी पेंढ्या मोजतो. पण तो कडबा आपण अख्खा टाकतो, जनावर पाने ओरबाडते आणि धांडे पायाखाली जातात. कुट्टी केली तर ही नासाडी लगेच कमी होते. त्यापुढची गोष्ट मात्र रसायनशास्त्राची आहे, आणि मला ती फार आवडते.

कडब्याच्या काडीत मुख्यतः सेल्युलोज असते. तेही स्टार्चसारखेच ग्लुकोजच्या मण्यांची माळ. फरक फक्त गाठीचा. स्टार्चमध्ये मणी एकाच बाजूने जोडलेले असतात, त्यामुळे माळ वळते, सैल राहते आणि पाचकरसाला सापडते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरा मणी उलटा बसतो. माळ सरळ होते, शेजारच्या माळेला घट्ट चिकटते, दोर वळल्यासारखी. ही गाठ सोडणारे विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही आणि म्हशीकडेही नाही. ते आहे तिच्या कोठीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, पाहुण्यांकडे. तिथल्या एक मिलिलिटर रसात सुमारे १,००० कोटी जिवाणू असतात, शिवाय आदिजीव आणि बुरशी. ‘प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असूच शकत नाही’ असे शास्त्रज्ञ ठामपणे मानत होते. मग १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिले की मेंढीच्या प्राणवायू नसलेल्या कोठीपोटात शेपटीने पोहणारे जे जीव आदिजीव समजले जात होते, ते बुरशीचे बीजाणू आहेत! हे बीजाणू काडीवर जाऊन बसतात, तंतू आत घुसवतात आणि काडी अक्षरशः फोडतात. मग त्या फटींतून जिवाणू आत शिरतात.

एवढी फौज असून कडबा अर्धवटच का पचतो? दोन कारणे. पहिले लिग्निन, म्हणजे ताटाला लाकडासारखा ताठपणा देणारा पदार्थ. ताट जून होते तशी पेशीभित्तिकेत लिग्निन भरते. ते हेमिसेल्युलोजला, म्हणजे सेल्युलोजभोवतीच्या दुसऱ्या शर्करांच्या माळांना, फेरुलिक आम्लाच्या पुलांनी बांधलेले असते आणि या पुलांच्या हेमिसेल्युलोजकडच्या टोकाशी एस्टर बंध, म्हणजे अल्काने तुटणारी गाठ, असते. जिवाणूंची विकरे आकाराने मोठी, त्या जाळीतून आत जाऊ शकत नाहीत. दुसरे कारण प्रथिनांतून मिळणाऱ्या नत्राचे. या सूक्ष्मजीवांना वाढायला वैरणीत साधारण ७ टक्के प्रथिने लागतात, वाळल्या कडब्यात ती ३-४ टक्केच भरतात. पोट गच्च भरलेले, पण पोटातली फौज उपाशी. काडी फुटत नाही, पुढे सरकत नाही, आणि जागाच नसल्याने जनावर गव्हाणीपासून तोंड फिरवते. इथे लिंबू-मिरची बांधली जाते, ‘नजर लागली’ म्हणून अंगारा आणला जातो. जनावराला नजर लागलेली नसते, नत्र कमी पडलेले असते. अंगाऱ्यात गेलेले चार दिवस त्या मुक्या जिवाला भोवतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

युरियाची प्रक्रिया दोन्ही कुलपे एकदम उघडते. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर, प्रत्येक थरावर झारीने हे पाणी सारखे शिंपडायचे, तुडवून हवा काढायची आणि प्लास्टिकने गच्च झाकायचे. २१ दिवस. आत सूक्ष्मजीवांचे युरिएज हे विकर युरियाचा अमोनिया करते. ओल्या काडीत अमोनिया अल्क बनतो आणि एस्टर बंध तोडतो. लिग्निन जाते कुठेच नाही, फक्त त्याची पकड सुटते आणि धागे फुगतात. उरलेला अमोनिया काडीला धरून राहतो, तोच पुढे नत्र. प्रथिनांचे प्रमाण जवळपास दुप्पट होते.

‘युरिया खाऊन दूध विषारी होईल’ ही भीती मी नेहमी ऐकतो. दुधात युरिया निसर्गतःच थोडा असतो. भेसळ करणारा तो कॅनमध्ये टाकतो, ती वेगळी गोष्ट. फिनलंडचे नोबेल विजेते आर्तुरी विर्तानेन यांनी १९६०च्या दशकात गायींना प्रथिने जवळजवळ पूर्ण वगळून युरिया आणि अमोनियम क्षारांवर ठेवले, आणि त्या गायींनी दूध दिले. सूक्ष्मजीव अमोनियापासून स्वतःचे शरीर बांधतात आणि गाय ते सूक्ष्मजीव पचवते.

पण माप चुकले तर युरिया जीव घेतो. अमोनिया रक्तात एकदम वाढला की यकृताला तो झेपत नाही. म्हणून अंदाजपंचे नाही, तराजूनेच. युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडापासून लांब. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा नाही, घोड्या-गाढवांनाही नाही. पहिल्यांदा करताना जवळच्या पशुवैद्यकांना विचारूनच करा.

त्या पशुपालकांनी यंत्र घेतले नाही. चैत्रात ३०० किलो कडब्याची कुट्टी करून गोठ्यामागे दाबली. एकविसाव्या दिवशी प्लास्टिक उचलले तेव्हा अमोनियाचा भपका डोळ्यांत गेला, कुट्टी पिवळसर तपकिरी आणि मऊ झाली होती. तासभर पसरून वास उडू दिला. म्हशींनी पहिल्या दिवशी हुंगून सोडून दिली. मग साध्या कुट्टीत मूठ-मूठ मिसळत नेली, आणि पाचव्या दिवशी गव्हाणीत धांड्याचा तुकडा उरला नाही.