गोमांस धडांची प्रतवारी आणि शेतकऱ्यांची दाद (आयर्लंड)

कत्तलीनंतर कातडे, मुंडके, पाय आणि आतडी काढल्यावर जे उरते ते धड. त्याची प्रत ठरवण्याची समान मापपट्टी युरोपीय समुदायाने १९८१ मध्ये आखली. आयर्लंडमध्ये शेतकऱ्याला मिळणारी रक्कम बरीचशी याच प्रतीवर ठरते, म्हणून या कोरड्या तांत्रिक विषयावरून तिथे चांगलीच वादावादी होते.

मांडी, पाठ आणि खांदा किती भरलेले आहेत हे पाहून मांसलतेला ई, यू, आर, ओ, पी अशी उतरती अक्षरे देतात. चरबीला १ ते ५ आकडे. आयर्लंडमध्ये प्रत्येक वर्गाचे अधिक, समान आणि उणे असे तीन भाग पाडल्याने दोन्हीकडे १५-१५ पायऱ्या होतात. २००९ अखेरीस आलेल्या दरतक्त्यात मांसलतेच्या एका पायरीला किलोमागे ६ सेंट ठेवले गेले. म्हणजे ३६० किलोच्या धडामागे २१.६० युरो. एका जनावराला ही रक्कम किरकोळ वाटते, पण खेप ३० जनावरांची असली तर साडेसहाशे युरोंच्या घरात जाते.

२००४ पासून मोठ्या कत्तलखान्यांत हे काम यंत्रे करू लागली. हुकाला टांगलेले अर्धे धड कॅमेऱ्यासमोर येते. काही यंत्रांत त्यावर उजेडाचे पट्टे पाडतात आणि ते जिथे वाकतात त्यावरून उभार मोजतात. मात्र यंत्राची परीक्षा माणसाच्या नजरेशीच होते. मान्यतेसाठी किमान ६०० धडे आणि किमान पाच तज्ज्ञ लागतात. तज्ज्ञांच्या निकालांची मध्यका, म्हणजे निकाल क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा निकाल, हे खरे उत्तर मानले जाते. मांसलता अचूक आली तर १० गुण, एक पायरी चुकली तर ६, दोन चुकल्या तर उणे ९, तीन चुकल्या तर उणे २७. मांसलता आणि चरबी या दोन्हींत कमाल गुणांच्या ६० टक्के मिळाले की यंत्र पास. थोडक्यात, एका पायरीची चूक नियमांनीच पोटात घातली आहे, आणि शेतकऱ्याची तक्रार बहुधा त्याच एका पायरीची असते.

कृषी खात्याचे अधिकारी पूर्वसूचना न देता यंत्रे तपासतात. पण ही तपासणी यंत्राची असते. एखाद्या शेतकऱ्याच्या एखाद्या धडाचा निवाडा ती करत नाही. दाद मागायची तर वेळ हाच मोठा अडसर ठरतो. वजन आणि प्रतवारी कत्तलीनंतर तासाभरात उरकते आणि निकाल लेखी मिळतो, पण शीतगृहातून धड हाडे काढायला गेले की पुन्हा पाहायला काही राहत नाही, उरतो तो कागद आणि यंत्राने टिपलेले चित्र. अमेरिकेत प्रतवारी ऐच्छिक आहे. तिथल्या अपिलाच्या नियमांत फेरतपासणी मूळ प्रतवारी करणाऱ्याने करायची नाही, आणि माल जागेवर हवा, अशी अट आहे.

वजनाचा वाद वेगळा. गरम धडाच्या वजनातून २ टक्के वजा करून थंड वजन धरतात. त्याआधी सुरीने किती चरबी छाटली, यावरही शेतकरी बोट ठेवतात, कारण छाटलेल्या चरबीचे पैसे मिळत नाहीत.