वर्गाबाहेर काढलं की पोराला काय मिळतं?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मिडब्रेन ॲक्टिव्हेशनची, म्हणजे मुलांचा मधला मेंदू जागा करून देतो म्हणणाऱ्या क्लासची, जाहिरात टाकली. डोळ्यांना पट्टी बांधलेला मुलगा पुस्तक वाचतोय आणि खाली "हट्टी, चंचल, अभ्यासात मागे? दोन दिवसांत फरक!" त्यावर ताईने लिहिलं, "माझा एक पाठवते, फी तुम्ही भरा." ताई तालुक्याच्या गावी चौथीला शिकवते, पटावर ४६ मुलं, आणि तो "एक" म्हणजे त्यातलाच एक मुलगा, इथे आपण त्याला बंड्या म्हणू. (पट्टीचं म्हणाल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, तिथून खाली धरलेलं पुस्तक आरामात दिसतं, घरी रुमाल बांधून बघा. मेंदूला मध्ये ओढायचं कारण नाही.)

बंड्या तोंडी एकदम तरबेज. गोष्ट एकदा ऐकली की पात्रांच्या आवाजासकट सांगेल. पण मराठीच्या तासाला हमखास काहीतरी होतंच, कुणाची पेन्सिल खिडकीबाहेर जाते, कुणाच्या डब्याचं झाकण वाजतं, एकदा तर बाकाखाली शिरून कुत्र्यासारखा भुंकत बसला. ताई ओरडते, तो अजून करतो, शेवटी "जा, दाराबाहेर उभा राहा". स्टाफरूमचं निदान ठरलेलं, "लक्ष वेधून घ्यायला करतो". त्याच्या आईने नजर काढून दंडात काळा दोरा बांधला, तो त्याने तिसऱ्या दिवशी चावून तोडला.

मी मानसशास्त्रात एमए केलं आणि बँकेत लागले, त्यामुळे असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी ताईला म्हटलं, उपाय राहू दे, दहा दिवस फक्त वहीत तीन गोष्टी लिही, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. ती वैतागली, हजेरी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, त्यात तुझी वही. तरी लिहिलं तिने. चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा नोंदींत "आधी" च्या रकान्यात एकच गोष्ट होती, ओळीने मोठ्याने वाचन सुरू आणि त्याचा नंबर दोन-तीन मुलांवर आलेला. आणि "नंतर" च्या रकान्यात अकराही वेळा, बाहेर काढलं.

आता माझा आवडता भाग. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर दांडा दाबल्यावर दाणा मिळाला की पुन्हा दाबतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जाळीतून विजेचा झटका बसतोय आणि दांडा दाबल्यावर तो थांबतो, असं केलं तरी उंदीर दांडा दाबायला शिकतो. म्हणजे बक्षीस द्यावंच लागतं असं नाही, त्रास काढून घेतला तरी वागणं पक्कं होतं. याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि इथे भलेभले गोंधळतात, ऋण म्हणजे शिक्षा नव्हे. ऋण म्हणजे वजाबाकी, काहीतरी काढून घेतलं, आणि प्रबलन म्हणजे वागणं वाढलं. शिक्षेने वागणं कमी व्हायला हवं. सीटबेल्ट लावल्यावर गाडीतली बीप बीप बंद होते म्हणून आपण तो लावतो, तेच हे. तेव्हा ताई ज्याला शिक्षा म्हणत होती ती बंड्याच्या हिशोबात शिक्षा नव्हतीच, ४५ मुलांसमोर अडखळत वाचायचं टळलं, म्हणजे सुटका. शिक्षा कशाला म्हणायचं हे देणारा ठरवत नाही, पुढच्या वेळी वागणं वाढलं की कमी झालं त्यावर ठरतं.

आणि सापळ्याची दुसरी बाजू अजून भारी आहे, कारण तिथे ताई स्वतः अडकलीय. तो बाहेर गेला की वर्ग शांत होतो, म्हणजे तिचाही त्रास वजा झाला, म्हणून तिचंही "बाहेर काढणं" पक्कं होत गेलं. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने आक्रमक मुलांच्या घरी बसून आईबाप आणि मुलांचं वागणं मिनिटामिनिटाला टिपलं आणि १९८२ मध्ये हेच मांडलं, दोघं एकमेकांना सुटका देत देत भांडण मोठं करत नेतात. म्हणून शिक्षिकेला "पेशन्स ठेवा मॅडम" सांगून काही होत नाही. ४६ जणांच्या वर्गात ती शांतता तिला लागतेच, ती दुसरीकडून मिळायची सोय करावी लागते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, तो कागदावर छान दिसतो.

पण मुळात वाचन इतकं जाचतं का? आपली पहिली वेलांटी बघा. "पि" म्हणताना आधी प, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणजे कानाला जे नंतर येतं ते डोळ्याला आधी दिसतं. हिंदी वाचणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत या उलट्या बसणाऱ्या वेलांटीमुळे वाचायला जास्त वेळ लागतो असं दिसलंय, आणि ते चांगलं वाचता येणारे मोठे लोक होते. ज्याचा मेंदू आवाज आणि अक्षर यांची सांगड मुळातच हळू घालतो त्याचं काय होत असेल. बंड्या "हिरवा" चं "हरिवा" लिहितो, ह लिहिला, मग इ ऐकू आली म्हणून वेलांटी काढली, ती जाऊन बसली र वर. याला आळस म्हणायचं? तपासणीसाठी त्याला आता मोठ्या हॉस्पिटलला नंबर लागलाय. अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन जड जाणं, ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, तेव्हा प्रमाणपत्र मिळालं तर पुढे परीक्षेत जास्त वेळ वगैरे मिळेल, पण उद्याच्या मराठीच्या तासाला त्याचा उपयोग शून्य.

उद्यासाठी कार आणि ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांचा १९८५ चा एक प्रयोग कामाला आला. त्यांनी चार मुलं घेतली, वागणं बिघडतं ते काम अवघड म्हणून की लक्ष मिळत नाही म्हणून हे आधी शोधलं, मग तेच मागायचं एक सरळ वाक्य शिकवलं, उदाहरणार्थ "मला समजत नाही". गंमत म्हणजे वाक्य कारणाला जुळत असेल तरच गोंधळ कमी झाला, अवघड कामाला वैतागलेल्याला लक्ष मागायचं वाक्य शिकवून फरक पडला नाही. म्हणजे "लक्ष वेधायला करतो" म्हणून आपण लाड केले असते तर फुकट गेले असते.

ताईने बंड्याला पुठ्ठ्याचं एक पिवळं कार्ड दिलं. ते बाकावर उभं केलं की त्याचा नंबर पुढे जाणार, कुणी हसायचं नाही, तास संपल्यावर ताईजवळ येऊन दोनच ओळी वाचायच्या, आणि त्या ओळी आदल्या दिवशीच सांगितलेल्या. मुख्याध्यापकांकडून एकच गोष्ट मागितली, त्या वेळी वर्गात आवाज असला तर दारात येऊन "काय चाललंय" विचारू नका.

पहिले चार दिवस भयंकर गेले. सुटका मिळायची जुनी वाट बंद झाली की वागणं आधी उसळतं, लिफ्ट आली नाही की आपण बटण दहा वेळा दाबतो तसं. त्याने कार्डाला हात लावला नाही, दप्तरच फेकलं. ताईने रात्री फोन केला, "तुझं हे शास्त्र बंद." तिसऱ्या दिवशी तिने एकदा बाहेर काढलंही, आणि अधूनमधून मिळालेलं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं, हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी कार्ड उभं राहिलं. आता आठवड्यातून एखादाच राडा होतो, तोही बहुतेक गणिताला, त्याची वही वेगळी काढलीय. जुनं कार्ड दुमडून फाटलं तेव्हा नवीन त्याने स्वतः केलं, वर स्केचपेनने ठळक नाव घातलंय, "पविळं कार्ड". ताईने ते तसंच ठेवलंय.