बिनव्याजी बँकेतली बटाई कुठं गेली?

आमच्या रावेरकडं कोणी शेत बटाईने करतो म्हटलं की पुढचं काही समजवावं लागत नाही, आणि व्याज न घेणाऱ्या-देणाऱ्या इस्लामिक बँकेचं मूळ गणित तसंच आहे. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचा हिस्सा आधीच ठरलेला. याला म्हणतात मुदारबा. धंदा बसला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो न् राबणाऱ्याचे कष्ट फुकट जातात. दोघांनी पैसा घातला तर ती मुशारका, म्हणजे साधी भागीदारी.

अशी पहिली गाजलेली बँक निघाली तीपण आपल्यासारख्या कापसाच्याच मुलखात. इजिप्तमधे नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मित गम्र गाव आहे, तिथं 1963 ला अहमद अल नज्जार यांनी सुरू केली, जर्मनीत राहून तिथल्या छोट्या बचत बँका बघून आलेले. गंमत म्हणजे 'इस्लामिक' हा शब्द पुढं केलाच नव्हता, तेव्हाचे अध्यक्ष नासर यांच्या राज्यात धार्मिक संघटनांवर नजर होती ना. तरी काही वर्षांत सरकारने तो प्रयोग गुंडाळलाच.

मग 1973 ला तेल भडकलं, काही महिन्यांत भाव चौपट, आणि आखातात पैसाच पैसा. 1975 ला जेद्दाची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक आणि दुबई इस्लामिक बँक, मग 1977 ला सौदी राजपुत्राच्या पुढाकाराने इजिप्तमधे फैसल बँक. खेड्यातली बचत राहिली बाजूला, आता पैसेवाले मोठे होते आणि बुडवायची तयारी कोणाची नव्हती.

बटाई सुटली ती इथंच. आपल्याकडं मालक कापूस मोजताना काट्यापाशी उभा राहतो तरी एखादं गाठोडं इकडंतिकडं होतंच, बँकेने हजार दुकानांच्या वह्या कशा तपासायच्या? म्हणून मुराबहा चालला. समजा तुम्हाला ट्रॅक्टर पाहिजे, बँक 6 लाखाला घेते आणि तुम्हाला 7 लाखाला विकते, हप्त्याने. व्याज नाही, विक्रीचा नफा. मला तर हे रोखीचा भाव वेगळा न् उधारीचा वेगळा असंच वाटतं भो, पण हप्ता थकला म्हणून ठरलेली किंमत वाढत नाही, एवढा फरक खरा.

आपल्याकडं 2008 ला रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगचा विषय काढला होता, 2017 ला रिझर्व्ह बँकेने तो पुढं न्यायचा नाही असं ठरवलं. तसाही 1949 चा बँकिंग कायदा बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, मग ट्रॅक्टर घेऊन विकणार कशी?