अलॉय व्हीलच्या नूतनीकरणाची पारख

अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे वाकलेले, खरवडलेले किंवा पोपडे सुटलेले चाक सरळ करून, जुना रंग काढून पुन्हा रंगवणे म्हणजे अलॉय व्हीलचे नूतनीकरण. ते नीट झाले की नाही हे ठरवण्याच्या पद्धतींची ही नोंद. सांगली-मिरजेच्या गॅरेजांत या चाकाला अजूनही ‘मॅगव्हील’ म्हणतात. मॅग हे मॅग्नेशियमचे लघुरूप. रोजच्या गाडीच्या चाकात मॅग्नेशियम असते ते जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर, सिलिकॉन सातेक टक्के आणि बाकी जवळपास सगळे अ‍ॅल्युमिनियम. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

गिऱ्हाईक चाक पुढून बघते, पारख मागून सुरू होते. चाक ताब्यात घेण्याची योग्य वेळ टायर चढण्याआधीची, कारण टायर बसला की निम्म्या चुका त्याच्याखाली झाकल्या जातात. रंग कुठे लागला यापेक्षा तो कुठे लागलेला नाही, यावरून कारागीर कळतो. हबला (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारा सपाट भाग, मधले भोक आणि नट बसतात त्या निमुळत्या बैठका या जागा मास्किंग करून, म्हणजे रंगवण्याआधी झाकून, मोकळ्या, निदान अगदी पातळ थराच्या ठेवायला हव्यात. तिथे रंगाच्या पावडरीचा जाड थर राहिला, तर नट आवळताना तो दाबला जातो, पुढे चुरतो आणि नट सैल पडतो. मधल्या भोकात थर असेल तर चाक हबवर सहज सरकत नाही. मग हातोडीने ठोकून बसवतात. असे ठोकावे लागले, की काम परत पाठवायला ते कारण पुरेसे आहे.

सरळपणा डायल गेजवर, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकावर तपासतात. चाक फिरवून दोन मापे घेतात: वर-खाली किती हलते आणि बाजूला किती झुलते. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात पाहावी. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा तक्रार राहत नाही. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. बॅलन्सिंगच्या मशीनवर ‘शून्य-शून्य’ आले म्हणजे चाक सरळ, असे समजतात. मशीन वजनाचा तोल सांगते, गोलाई नव्हे. अंडाकृती झालेल्या चाकालाही शिसे (तोलासाठी रिमला लावायची वजने) लावून शून्य आणता येते, आणि गाडी तासगाव रस्त्याला लागून वेग घेते न घेते तोच स्टिअरिंग थरथरू लागते. एकाच जागी साठ-सत्तर ग्रॅम शिसे चिकटवलेले दिसले तर ते का लागले हे विचारावे. उलट बाजूही आहे: पावसाळ्यात किंवा ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्याने गाडी नेली, की काळ्या मातीचा चिखल रिमच्या आतल्या अंगाला सुकून बसतो आणि नीट केलेले चाकही थरथरते. दोष देण्याआधी आतून धुऊन घ्यावे.

वाकलेली कड कशी सरळ केली, हा सर्वांत नाजूक प्रश्न. नवे चाक कारखान्यात ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून पाण्यात विझवतात आणि पुन्हा दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात. त्याची ताकद या उष्णसंस्कारातून येते. गॅसच्या ज्योतीने बेसुमार तापवले की ती ताकद तेवढ्या जागी उतरते. लोखंड लाल होऊन इशारा देते, अ‍ॅल्युमिनियम तेही करत नाही. रंग न बदलता एकदम ढासळते. म्हणून हायड्रॉलिक दाबाने, बेताच्या उष्णतेवर, हळूहळू केलेले काम चांगले. कडेला हातोडीच्या चपट्या खुणा दिसल्या तर काम घाईत उरकलेले असते.

भेग बहुधा आतल्या कडेला असते, खड्ड्यात आदळण्याचा मार तिथे बसतो. रंग चढण्यापूर्वी लाल रंगद्रव आणि पांढरी पावडर वापरून ती शोधतात. ओतकामाच्या धंद्यात ही तपासणी जुनीच, त्यामुळे कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीच्या माणसाला ती समजवावी लागत नाही. चाक टांगून ठोकले की स्वच्छ घुमते, भेग असेल तर आवाज बसका येतो. तंबोऱ्यांच्या मिरजेत हा कानाचा उपाय लगेच पटेल, पण बारीक भेग त्यातून निसटते. आर्गॉन वेल्डिंगने बाहेरच्या कडेचा ओरखडा भरणे चालते. आरा जिथे मध्याला किंवा रिमला मिळतो तिथली भेग वेल्ड करून दिली असेल, तर चाक कितीही देखणे असले तरी ते भंगारातले समजावे. कड जोडलेल्या चाकात हवा भरून साबणाचे पाणी लावावे आणि रात्रभर ठेवून पुन्हा दाब मोजावा.

रंगात दोन रीती आहेत. पावडर कोटिंगमध्ये चाक आधी रसायनाने किंवा ब्लास्टिंगने उघडे करतात, पूर्वप्रक्रिया देतात, रंगाची पावडर फवारतात आणि भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात. ओल्या रंगाचे काम भट्टीशिवाय होते, म्हणून स्वस्त पडते. त्याच्याखाली लंबी (पुट्टी) भरून खड्डे लपवणेही सोपे. साधी लंबी भट्टीचे तापमान सोसत नाही, फुगते. थराची जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन असावी. मोजताना मीटर अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा हवा. पत्र्यासाठीचा चुंबकीय मीटर इथे निरुपयोगी. थर जुन्या रंगावरच चढवला असेल तर आऱ्यांच्या कडा बोथट दिसतात आणि अक्षरे बुजतात. मागे कोरलेला मापाचा मजकूर आणि असल्यास आयएसआय चिन्ह सुबक वाचता यायला हवे. सुईच्या टोकाएवढी छिद्रे म्हणजे ओतकामात अडकलेला वायू भट्टीत बाहेर पडला. लिंबाच्या सालीसारखी खरबरीत झाक अगदी थोडी असेल तर चालते, निदान माझे मत तसे. चारही चाकांवर सारखी नसेल तर चालत नाही.

डायमंड कट चाकाचा तोंडवळा सीएनसी लेथवर कातून वर पारदर्शक लॅकर देतात. उन्हात तिरके धरल्यावर कातीव रेषा एकसारख्या, मध्याभोवती गोल फिरलेल्या दिसाव्यात. दर वेळी धातूचा थोडा थर जातो, त्यामुळे हे एक-दोनदाच करण्यासारखे. लॅकर कडेला नीट मिटलेले नसेल तर ओल आत शिरते आणि पांढऱ्या अळीसारख्या रेघा सरकू लागतात. २०१९ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची चाके घेताना शिशाच्या जागा आणि व्हॉल्व्हचे भोक आधी बघावे. गंज लपून बसायला त्या सोयीच्या.

बसवताना नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), चांदणीच्या आकृतीत, म्हणजे शेजारचा न घेता समोरचा घेत आवळतात. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासायला बोलावणारे गॅरेज आपल्या कामाची खात्री बाळगून असते. त्या फेरीत नट अर्धा फेरा फिरला तर चाक उतरवून बैठक उघडी करून बघतात, आणि बहुतेक वेळा तिथे चुरलेली पावडर सापडते.