रेडिओ-प्रबल क्वासारांचे क्ष-किरण उत्सर्जन

क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकांचे, महाकाय कृष्णविवरावर पडणाऱ्या वायूमुळे तळपणारे गाभे. त्यांतल्या रेडिओ-प्रबल, म्हणजे रेडिओ लहरींत विशेष तेजस्वी असलेल्या क्वासारांकडून येणारे क्ष-किरण एकाच जागी तयार होत नाहीत. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीवरचा तप्त, विरळ थर म्हणजे करोना, तिथून जवळजवळ प्रकाशवेगाने सुटणाऱ्या कणांच्या झोताचा मुळाकडचा भाग, लाखो प्रकाशवर्षे दूर गेलेल्या झोतातल्या गाठी आणि झोताच्या टोकांशी पसरलेले रेडिओ-फुगवटे अशा निदान चार जागा त्यात वाटेकरी असतात. या वाट्यांचे प्रमाण ठरवणे हाच या विषयाचा गाभा आहे.

५ गिगाहर्ट्झवरील तेज आणि ४,४०० अँगस्ट्रॉमवरील दृश्य तेज यांचे गुणोत्तर १० पेक्षा जास्त असेल, तर क्वासार रेडिओ-प्रबल मानला जातो. दहा क्वासारांत साधारण एकच असा निघतो. कन्या तारकासमूहातील ३सी २७३ (ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्याचे प्रमाण, ०.१५८) हा त्यांतला सर्वांत परिचित. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याची ताम्रसृती ओळखली आणि १९७० मध्ये रॉकेटवरील उपकरणाने त्याचे क्ष-किरण टिपल्याचे प्रसिद्ध झाले. १९७८ साली सोडलेल्या आइन्स्टाइन या क्ष-किरण वेधशाळेमुळे तुलना करता येईल इतके क्वासार हाती आले. दृश्य तेज सारखे असताना रेडिओ-प्रबल क्वासार रेडिओ-मंद क्वासारांच्या सुमारे तिप्पट क्ष-किरण देतात, हे त्यातून दिसले. त्यांचा वर्णपटही अधिक कठीण असतो: फोटॉन-घातांक (ऊर्जा वाढेल तशी फोटॉनांची संख्या किती झपाट्याने घटते, ते सांगणारा आकडा) रेडिओ-मंद क्वासारांत १.९ च्या आसपास, तर रेडिओ-प्रबलांत बहुधा १.५ ते १.७. घातांक जितका लहान, तितका जास्त ऊर्जेच्या फोटॉनांचा वाटा मोठा.

करोनातली प्रक्रिया दोन्ही प्रकारांत सारखीच आहे. चकतीतून निघालेले अतिनील फोटॉन सुमारे एक अब्ज केल्विन तापमानाच्या इलेक्ट्रॉनांवर वारंवार आदळून ऊर्जा मिळवतात. याला व्यस्त कॉम्पटन प्रकीर्णन म्हणतात. त्यातले काही क्ष-किरण परत चकतीवर पडतात आणि ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची लोहरेषा उमटते. झोत प्रबल असला की त्याचे अखंड उत्सर्जन या रेषेला झाकून टाकते. झोतातले इलेक्ट्रॉन आपल्याच सिंक्रोट्रॉन (चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना सोडलेल्या) फोटॉनांना किंवा चकतीकडून आणि वायुमेघांकडून आलेल्या फोटॉनांना ढकलून क्ष-किरण बनवतात. झोताचा लॉरेन्ट्झ गुणक (वेग प्रकाशवेगाच्या किती जवळ आहे, ते सांगणारा आकडा) १० असेल, तर त्याचा प्रकाश पुढच्या जेमतेम ६ अंशांच्या शंकूत एकवटतो. म्हणून झोत आपल्या दिशेने असलेल्या क्वासारांत हा भाग वरचढ ठरतो. ३सी २७३ मध्ये दोन्ही भाग दिसतात आणि झोत मंद असताना करोनाची खूण अधिक स्पष्ट होते. जादा क्ष-किरण सगळे झोताचेच, असे मात्र धरून चालू नये. २०२० मध्ये शेकडो क्वासारांवर झालेल्या अभ्यासानुसार झोत तिरका असलेल्या क्वासारांत बहुतेक क्ष-किरण करोनाचेच असतात.

खरा पेच आहे तो मोठ्या झोताचा. ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण दूरदर्शीने पीकेएस ०६३७-७५२ या क्वासाराकडे (ताम्रसृती ०.६५१) पाहिले ते मुळात स्वतःचे केंद्रीकरण (फोकस) तपासण्यासाठी. चित्रात मात्र गाभ्यापासून सुमारे १० विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) गेलेला क्ष-किरण झोत दिसला. रेडिओ आणि दृश्य मापनांवरून आखलेली सिंक्रोट्रॉन वर्णपटाची रेषा पुढे वाढवली, तर येतात त्यापेक्षा फारच कमी क्ष-किरण अपेक्षित होते. २००० साली मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार झोत एवढ्या अंतरावरही सुमारे १० लॉरेन्ट्झ गुणकाने धावतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडे पसरलेल्या प्रारणाच्या) फोटॉनांना क्ष-किरणांत बदलतात. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा लॉरेन्ट्झ गुणक १०० च्या आसपास पुरतो. असे इलेक्ट्रॉन काही मेगाहर्ट्झवरच रेडिओ लहरी देतात. त्या लहरी पृथ्वीचे आयनमंडल अडवते, त्यामुळे त्यांची थेट मोजणी होत नाही.

या कल्पनेला दोन कसोट्या होत्या. ती खरी असेल तर याच झोतांतून गॅमा-किरणही ठरावीक प्रमाणात यायला हवेत. गॅमा-किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाला ३सी २७३ आणि पीकेएस ०६३७-७५२ या दोन्हींच्या मोठ्या झोतांकडून ते मिळाले नाहीत, आणि कमाल मर्यादा भाकिताच्या खाली आली. शिवाय हबलच्या सुमारे दोन दशकांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत ३सी २७३ च्या गाठी जवळजवळ हललेल्या नाहीत. एवढा वेगवान झोत तिथे नाही, हे यावरून पटते. या दोन झोतांपुरते तरी ते स्पष्टीकरण सोडून द्यावे लागते.

उरतो दुसरा पर्याय: क्ष-किरणही सिंक्रोट्रॉनच, पण इलेक्ट्रॉनांच्या वेगळ्या, अधिक ऊर्जावान गटाचे. १० मायक्रोगॉसच्या चुंबकीय क्षेत्रात १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन देण्यासाठी इलेक्ट्रॉनाला सुमारे ४० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि ती सुमारे ३,००० वर्षांत खर्च होते. एवढ्या वेळात प्रकाशही ३,००० प्रकाशवर्षेच जातो, आणि गाठी त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. म्हणजे इलेक्ट्रॉन गाभ्यातून आणलेले नसून तिथल्या तिथे पुन्हा वेग घेत असले पाहिजेत. ३सी २७३ मध्ये क्ष-किरण झोताच्या आतल्या टोकाकडे तेजस्वी आहेत आणि रेडिओ तेज बाहेरच्या टोकाकडे वाढते, याच्याशी हे जुळते. इतक्या ऊर्जेपर्यंत पोचवणारी यंत्रणा कोणती, हा प्रश्न अजून उघडा आहे. अतिदूरच्या क्वासारांत पार्श्वभूमीच्या फोटॉनांची ऊर्जा-घनता (१ + ताम्रसृती) च्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून तिथे जुने स्पष्टीकरण अजून टिकू शकते.

रेडिओ-फुगवट्यांत एवढा वाद नाही. तिथे पार्श्वभूमीचे फोटॉन ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा गुणक सुमारे १,००० असतो, आणि क्ष-किरण व रेडिओ तेज ताडून चुंबकीय क्षेत्र थेट काढता येते. हे इलेक्ट्रॉन काही दहा मेगाहर्ट्झवर उत्सर्जन करतात. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे सर्वांत खालचे पट्टे या वारंवारितेच्या वर असले, तरी त्यातल्या त्यात जवळ जातात.

मोजमापात चुका ठरलेल्या जागी होतात. क्वासार बदलता असल्याने वेगवेगळ्या वर्षांची अतिनील आणि क्ष-किरण मोजमापे एकत्र केली, की गुणोत्तर फसते. २०१५ साली सोडलेला भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह दोन्ही एकाच वेळी मोजतो. आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजनचे शोषण कमी धरले, तर घातांक खोटाच लहान येतो. बिंदूसारख्या स्रोताचाही सुमारे १५ विकलांचा ठसा देणाऱ्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दूरदर्शीमध्ये गाभा आणि झोत मिसळतात, म्हणून झोतासाठी अर्ध्या विकलाचे चंद्रा लागते. मात्र चंद्रात तेजस्वी गाभ्याचे दोन फोटॉन एकाच ३.२ सेकंदांच्या चौकटीत (संवेदकाच्या एका वेळच्या नोंदीत) एकाच जागी पडले, तर ते जास्त ऊर्जेचा एकच फोटॉन म्हणून नोंदले जातात. संख्या घटते आणि वर्णपट खोटाच कठीण दिसतो. उपाय म्हणजे संवेदकाचा आठवा भागच वापरून चौकट सुमारे ०.४ सेकंदांवर आणणे. वाचनाच्या वेळी उमटणारी रेघ झोतावरून जाऊ नये, म्हणून यानाचा फिरण्याचा कोनही आधीच ठरवून घ्यावा लागतो.